बॉस्टनच्या नॉर्थ एन्डमध्ये जेवायला जाताना
नॉर्थ एन्ड ही बॉस्टनमधली जुनी इटालियन वस्ती. त्याआधी इथे आयरिश आणि ज्यू स्थलांतरित राहत. गल्ल्या अरुंद, पार्किंग मिळणं कठीण, म्हणून हेमार्केट स्टेशनला उतरून चालत जा. हॅनोव्हर स्ट्रीटवरच्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये शनिवारी जायचं तर टेबल आधीच राखून ठेवा. शाकाहारी असाल तर वेटरला नेमकं विचारा: रिसोत्तो (इटालियन मऊ भात) चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलाय का? सॉसमध्ये अँचोव्ही मासा आहे का? आणि हो, अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवायला लागणारा पदार्थ) असतं; हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. गोडासाठी मात्र पोटात जागा ठेवा. बाहेर पडून जवळच्या बेकरीत कनोली (गोड चीज भरलेली कुरकुरीत नळी) घ्या, पण समोर भरून देतील तिथेच. आधी भरून ठेवलेली मऊ पडते.