टिरेटा बाजारचा चिनी नाश्ता: परिषदेच्या बसच्या आधी पोहोचा

चिनी स्थलांतरितांच्या वारशावरच्या परिषदेसाठी कोलकात्याला गेलात, तर सहलीची बस बहुधा नऊ-दहाला निघते. तोवर टिरेटा बाजारातला, म्हणजे तिथल्या जुन्या चायनाटाउनमधला, नाश्ता आटोपलेला असतो.

1. रविवारी सहालाच बाजारालगतच्या पोद्दार कोर्ट इमारतीपाशी पोहोचा. इतक्या सकाळी मेट्रो नसते, टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवा.
2. सुटे पैसे न्या. झाकण उघडलं की वाफेसकट बाओ (सारण भरलेला वाफवलेला चिनी पाव) हातात येतो. सोबत फिश बॉलचं गरम सूप घ्याच, माझं तर त्यावरच पोट भरलं.
3. जवळचं सी इप हे चिनी मंदिर पाहून बस गाठा. आचीपूरची सहल असेल तर ती मुळीच सोडू नका. तिथे हुगळीकाठी तोंग आछिउची, म्हणजे बंगालमध्ये स्थायिक झालेल्या पहिल्या चिनी माणसाची, घोड्याच्या नालेच्या आकाराची लाल कबर आहे.

सारणात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, चालत नसेल तर आधी विचारा.