गिंपमध्ये 'चहा'ची निऑन पाटी, शिरोरेषेला सांधा न दिसता

ओळखीतल्या एकाने अमृततुल्य टाकलं आणि पाटीचं काम हौसेने मी अंगावर घेतलं. एक व्हिडिओ बघून 'चहा' या अक्षरांना झळाळती निऑन कड दिली, फ्लेक्स छापून आणला. पाटी वर चढत होती तेवढ्यात मालकाच्या आईने खालून विचारलं, "अरे, ह्या मधल्या उभ्या रेघा कसल्या?" च आणि ह यांच्या मध्ये, ह आणि काना यांच्या मध्ये, शिरोरेषा चिरल्यासारख्या बारीक रेघा. रात्री स्क्रीनवर झूम न करता बघितल्यामुळे मला त्या दिसल्याच नव्हत्या.

कारण साधं आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा सोबत घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर जरासे चढवलेले असतात. अक्षर भरीव असेल तर सांधा कळत नाही. पण अक्षरांचा 'पाथ', म्हणजे फॉन्टमधली बाह्यरेषा, काढून त्याला कड दिली की प्रत्येक तुकड्याची कड वेगळी उमटते. रोमन अक्षरं मुळात सुटी, त्यामुळे त्या व्हिडिओवाल्याला ही अडचण कधी आलीच नसणार. म्हणून खालच्या कृतीत आपण 'पाथ'च्या वाटेला जाणारच नाही, 'सिलेक्शन'वरून, म्हणजे निवडलेल्या भागावरून, कड काढू.

चित्रं आणि फोटो संपादित करायचं सॉफ्टवेअर गिंप. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. १९९५ च्या सुमारास बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, ते लिहायला घेतलं. ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. जुनी २.१० असेल तरी ही कृती चालेल.

आधी फॉन्ट

मी 'यात्रा वन' वापरला. रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या अक्षरांवरून तो बेतला आहे, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि त्याची जाड वळणं निऑनला शोभतात. 'बालू' किंवा 'मुक्ता'चं ठळक वजनही चालेल. बारीक फॉन्ट नको, कारण अक्षराच्या दोन्ही बाजूंना नळी येणार आणि मध्ये जागा उरली नाही तर सगळा लगदा होतो.

मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवलात तर चिन्हांची भेळ दिसेल.

कॅनव्हास आणि अक्षरं

'फाईल' मेनूतून 'न्यू', आकार १६०० बाय ९०० पिक्सेल. पार्श्वभूमीला जवळजवळ काळा निळा रंग: लाल १५, हिरवा १५, निळा २८. भिंतीचा फोटो असेल तर उत्तमच, फक्त 'कर्व्ह्ज'मधून तो चांगला काळोखा करून घ्या.

टेक्स्ट टूल घ्या, 'चहा' लिहा, आकार साधारण ४०० पिक्सेल. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरा. एका पिक्सेलनेही शिरोरेषा तुटू शकते. शब्दात ऋकार, उकार किंवा रफार असेल तर वरखाली भरपूर जागा सोडा, झळाळीलाही जागा लागते.

नळी

लेयर्सच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांच्या, यादीत टेक्स्टच्या लेयरवर उजवं क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन' निवडा. अक्षरांभोवती मुंग्यांच्या रांगेसारखी तुटक रेघ फिरू लागेल. इथे गिंप अक्षरं मोजत नाही, रंगलेला भाग तेवढा बघतो, म्हणून सांधे आपोआप मिटतात. तरीही खात्रीसाठी 'सिलेक्ट'मधून आधी 'ग्रो' २ आणि लगेच 'श्रिंक' २ करा. एखाद्या फॉन्टमध्ये केसाएवढी फट राहिलेली असते, ती यात बुजते.

आता नवीन पारदर्शक लेयर घ्या आणि टेक्स्टच्या लेयरचा डोळा बंद करा. हे विसरून टेक्स्टच्याच लेयरवर काम केलंत तर पुढे शब्द बदलता येणार नाही.

रंग निवडताना खरी निऑन नळी आठवा. निऑन वायू स्वतः नारिंगी-लालच पेटतो. निळ्या नळीत सहसा आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ असते. चहाच्या दुकानाला तो मूळ नारिंगीच बरा: लाल २५५, हिरवा ८५, निळा ३५.

'एडिट'मध्ये 'स्ट्रोक सिलेक्शन', जाडी १० पिक्सेल, कोपऱ्यांचा प्रकार गोल. काचेची नळी काटकोनात वळत नाही, त्यामुळे टोकदार कोपरा दिसला की डोळ्याला लगेच खोटं वाटतं. मग सिलेक्शन काढून टाका.

झळाळी

नळीच्या लेयरच्या दोन प्रती काढा आणि दोन्ही नळीच्या खाली सरकवा. वरच्या प्रतीला 'गॉसियन ब्लर' १२, खालच्या प्रतीला ६०. वरचीचा मोड 'ॲडिशन', खालचीचा 'डॉज'.

'डॉज' मुद्दाम. साधा नारिंगी धूसर थर भिंतीवर धुक्यासारखा बसतो. 'डॉज'मध्ये मात्र खालच्या भिंतीत जे थोडं उजळ आहे तेच जास्त उजळतं: विटांचे उंचवटे पेटतात आणि सांदी काळ्याच राहतात. सपाट रंगाच्या पार्श्वभूमीवर हा फरक फारसा जाणवत नाही, फोटोवर मात्र तो बघण्यासारखा असतो. झळाळी जास्त वाटली तर लेयरची 'ओपॅसिटी' कमी करा, ब्लर नको.

पेटलेला गाभा

इथेच बहुतेकांची पाटी फसते. पेटलेली नळी मध्यभागी जवळजवळ पांढरी दिसते, रंग कडेला असतो. नळीच्या लेयरवर पुन्हा 'अल्फा टू सिलेक्शन', मग 'श्रिंक' ३, सगळ्यात वर नवीन लेयर, त्यात फिकट पिवळसर पांढरा रंग भरा: २५५, २४०, २१५. सिलेक्शन काढून या लेयरला ब्लर दीड. एकदम दिवा लागल्यासारखं होतं.

तोडायच्या जागा

नळीला दोन टोकं असतात, ती स्वतःला मिळून बंद होत नाही. म्हणून प्रत्येक बंद रेषेत कुठेतरी १५ ते २० पिक्सेलची फट हवी. कडक कडेचा इरेझर घ्या आणि नळी व गाभा या दोन्ही लेयरवर त्याच जागी पुसा. झळाळीला हात लावू नका. फट कुठे? हच्या खालच्या वळणाशी, कानाच्या पायाशी चालेल. शिरोरेषेत मात्र नको, नाहीतर परत कुणीतरी खालून विचारेल.

पट्टे दिसले तर

गडद भागात झळाळी विरताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पट्टे दिसू शकतात. 'फिल्टर्स'मधून 'नॉईज', त्यातला 'आरजीबी नॉईज', अगदी चिमूटभर. ३.० मध्ये हे फिल्टर लेयरवर वेगळे राहतात, त्यामुळे ब्लरचा आकडाही नंतर बदलता येतो. २.१० मध्ये एकदा लावलं की लागलं. मागे फिरायला कंट्रोल आणि झेड.

पाठवताना

'सेव्ह' केल्यावर गिंपची एक्ससीएफ फाईल बनते, ती स्वतःजवळ ठेवा. दुसऱ्याला द्यायला 'एक्स्पोर्ट'मधून पीएनजी काढा. व्हॉट्सॲपवर ती फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या कष्टाने घालवलेले पट्टे परत येतात.

आणि ही पाटी स्क्रीनसाठी आहे. स्क्रीन प्रकाश टाकते, फ्लेक्स टाकत नाही. छपाईच्या शाईत हा नारिंगी विटकरीकडे झुकतो. छापायचंच असेल तर आधी छोटा तुकडा छापून मागा. त्या अमृततुल्यावर आता माझी पाटी स्टेटस आणि मेनूकार्डावर आहे. दुकानावर मालकाच्या आईने पेंटरकडून हाताने रंगवून घेतली.