वडलांची लायसनची बंदूक घरात राहिलीय? मग हे करा

आमच्या कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर भागात पीक राखायला घेतलेल्या बंदुका अजून बऱ्याच घरात हायत, रानडुक्कर नाहीतर गवा आला की बार काढायचा एवढाच उपयोग, आणि ज्याच्या नावावर लायसन तो माणूस गेला की बंदूक तशीच कपाटामागं पडून राहते. आमच्याकडंबी आठ महिने राहिली, गोधडीत गुंडाळून, आणि बिस्कीटच्या डब्यात अकरा काडतुसं, पितळ हिरवं पडलेलं. घरात कुणाच्या नावावर लायसन नाही म्हणजे ती बेकायदाच की हो, पण आम्हाला पत्ताच नाही.

तर आधी बंदूक भरलेली नाही ना हे बघून घ्या, येत नसेल तर जाणत्या माणसाला बोलवा, स्वतः चाप ओढून बघू नका. मग लायसनचं बुक शोधा आणि बंदुकीवरचा नंबर जुळवा. मग जवळच्या पोलीस स्टेशनला नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं जमा करा, आर्म्स ॲक्ट 1959 चं कलम 21 हेच सांगतंय. पावतीवर नंबर आणि काडतुसांची संख्या दोन्ही लिहून घ्या, पावती कन्नडमध्ये असते, वाचता येत नसेल तर तिथंच कुणाकडून तरी वाचून घ्या. आमच्या पावतीत काडतुसांचा उल्लेखच नव्हता, दोन हेलपाटे झाले.

ठेवायची असेल तर वारसाच्या नावावर नवीन लायसन काढावं लागतं, अर्ज डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला. मृत्यू दाखला, नाडकचेरीतली (इथली महसूल कचेरी) वंशावळ, भावाबहिणींची ना हरकत, मग पोलीस चौकशी. वय 21 पाहिजे, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका-पिस्तुलं, वारसानं आलेली धरून.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आमच्यासारख्यांनाच, गुंड काय डीसी ऑफिसात लायनीत उभा राहतो काय? चहाच्या टपरीवर सगळे हेच म्हणतात आणि ते अर्धं खरंय. 2015 साली धारवाडात लेखक एम. एम. कलबुर्गींना आणि 2017 ला बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांना मारलं ते 7.65 एमएमच्या देशी पिस्तुलानं असं तपासात आलं, असल्या पिस्तुलाला कुठलं लायसन. कट्टा, म्हणजे असलं गावठी पिस्तूल, लेथवर बनतो, कायदा कितीबी कडक करा तो वर्कशॉप शोधूनच बंद करावा लागतो. पण काडतूस लेथवर बनत नाही बघा, ते बहुतेक कारखान्यातलंच लागतं, आणि ते कुठूनतरी गळलेलं असतं, डीलरकडून, चोरीतून, नाहीतर असल्याच बिस्कीटच्या डब्यातून. म्हणून डीलर प्रत्येक काडतूस तुमच्या नावावर मांडतो. कायदा चालतो तो इथं, गळती बंद करण्यात. तेवढ्यासाठी मला तो त्रास पटला, हेलपाटे नाही पटले.

लायसन झालं की दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एरिया फक्त कर्नाटक लिहिला असेल तर बंदूक घेऊन महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडायचा नाही, पाव्हण्यांकडं कोल्हापूरला लग्न असलं तरी नाही. आणि इलेक्शन लागलं की जमा करायची नोटीस येते, पीक राखणाऱ्यांनी सूट मागायची असेल तर अर्ज लगेच द्या, डुक्कर काय आचारसंहिता बघून येत नाही. जमा केली असेल तर निकालानंतर परत आणताना जुनी पावती बरोबर न्या.