हॉर्नच्या रिलेनं यवतमाळ गाठलं

देवळी सोडून कळंबकडे निघालो होतो. स्पीड ९०, अन् इंजिन एकदम गपगार. स्टिअरिंग दगडासारखं जड. चावी काढली नाही, नाहीतर तेही लॉक! ब्रेक एकदाच दाबून धरला, कारण पुन्हापुन्हा दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो. पऱ्हाटीच्या धुऱ्याला गाडी टेकवली.

स्टार्टर फिरे, इंजिन पकडेना. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची दोन सेकंद घूं येते, तीच नव्हती. फ्यूज शाबूत. शेतातले भाऊ म्हणाले, "पेट्रोल हाये ना बाप्पा?" होतं, अर्धी टाकी.

मग संशय पंपाच्या रिलेवर, म्हणजे त्याला करंट जोडणाऱ्या छोट्या स्विचवर. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा निघाला. तो पंपाच्या जागी खोचला. घूं! जुन्याची एक पिन जळून काळीठिक्कर. यवतमाळपर्यंत बिनहॉर्नचा, बैलगाड्यांमागं मुकाट.