मेंदूच्या दुखापतीनंतर न्यूरोफीडबॅक घ्यायचे असेल, तर

माझे थोरले बंधू सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर काही महिन्यांनी ते पुन्हा गादीवर बसू लागले, तेव्हा काट्यावरच्या पोत्यांची वजने लिहिण्याचे काम त्यांना जमत होते, पण मध्येच एखाद्या शेतकऱ्याने "दिवाणजी, आमची पट्टी झाली का?" असे विचारले, की त्याला उत्तर देऊन वहीकडे वळेपर्यंत आपण कितव्या पोत्यावर होतो हे त्यांच्या ध्यानातून गेलेले असे. हात-पाय धड, बोलणे स्वच्छ, माणसांची ओळख पक्की, आणि तरी लक्ष टिकत नाही, अशी ही अवस्था बाहेरच्यांना दिसत नाही आणि घरच्यांना पुरती समजत नाही. अशा रुग्णासाठी न्यूरोफीडबॅकचा विचार करणाऱ्या कुटुंबाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कशाला भुलू नये, ते येथे लिहीत आहे.

प्रथम ही पद्धत काय आहे ते समजून घ्यावे. टाळूवर आणि कानाच्या पाळीवर लहान इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूतील विद्युत तरंग टिपले जातात, आणि ठरवलेल्या पट्ट्यातील, म्हणजे ठरावीक वेगाने होणारे तरंग अपेक्षित दिशेने बदलले की पडद्यावरचे चित्र पुढे सरकते किंवा सूर वाजतो. साधारणपणे 4 ते 8 हर्ट्झचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने), सुस्तीच्या वेळी वाढणारे थिटा तरंग कमी करण्याचा आणि 12 ते 15 हर्ट्झचे किंवा त्यावरचे बीटा तरंग वाढवण्याचा सराव दिला जातो. यंत्र मेंदूत वीज सोडत नाही, ते फक्त टिपते आणि दाखवते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, कारण "शॉक देणार का?" हा प्रश्न आमच्या आईने तीनदा विचारला होता.

केंद्राचा पत्ता शोधण्यापूर्वी रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावे. लक्ष न लागण्यामागे अपुरी झोप, सततची डोकेदुखी, उदासीनता, ऐकण्या-पाहण्यातील दोष किंवा आकडीसाठी चालू असलेल्या गोळ्यांची गुंगी असू शकते, आणि यांपैकी कशावरही तरंगांचा सराव हा पहिला उपाय नव्हे. दुखापतीनंतर आकडी आली असेल तर ते केंद्रात स्पष्ट सांगावे आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. कवटीचा तुकडा शस्त्रक्रियेत काढला असेल किंवा तेथे प्लेट बसवली असेल, तर तेही सांगणे आवश्यक आहे, कारण हाडाला छेद गेलेल्या जागी तरंग मूळच्यापेक्षा मोठे आणि टोकदार दिसतात आणि त्यांचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनचा अहवाल जवळ ठेवावा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच आम्ही उशिरा केले. पहिली तार डोक्याला लागण्यापूर्वी निदान दोन आठवडे रुग्णाच्या लक्षाची घरगुती नोंद ठेवावी. रुग्ण रोज जे काम करतो त्यातलेच एक काम निवडावे. गृहिणी असेल तर वाणसामानाची यादी तपासणे, विद्यार्थी असेल तर एक पान वाचून त्यातले चार मुद्दे सांगणे. आमच्या वहिनी जुन्या काटापट्टीतील 40 वजने वाचून दाखवत आणि दादा ती लिहून घेत. एकदा शांत खोलीत, आणि एकदा मध्ये दोन वेळा हाक मारून. तारीख, चुका, लागलेला वेळ आणि आदल्या रात्रीची झोप, एवढे चार रकाने पुरतात. दुखापतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत बरीच सुधारणा आपसूक होत असते, त्यामुळे आधीची नोंद नसेल तर त्या काळात घेतलेला कोणताही उपचार गुणकारी वाटतो. केंद्राच्या पडद्यावरचे गुण वाढले म्हणजे लक्ष वाढले असे नव्हे; ते वाढले की नाही हे वहीच सांगते.

केंद्र निवडताना उपचार देणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, किंवा अशा व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करते का, हे विचारावे, आणि विचारताना संकोच करू नये. इलेक्ट्रोड कोठे लावणार, कोणता पट्टा वाढवणार वा घटवणार आणि या रुग्णासाठी तो का निवडला, याचे उत्तर साध्या मराठीत मिळाले पाहिजे. आम्ही प्रथम गेलो त्या केंद्राने 40 सत्रांचे पैसे एकरकमी मागितले आणि "स्मरणशक्ती दुप्पट होईल" असेही सांगितले. तेथून आम्ही चहा न घेता उठलो. मिरजेत मेंदूविकारांचे डॉक्टर सहज भेटतात, त्यामुळे दुसरे मत घेणे सांगलीकरांना अवघड नाही. बेंगळूरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूच्या दुखापतीच्या रुग्णांवर न्यूरोफीडबॅकचे काम झालेले आहे. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर तेथे एकदा दाखवून यावे.

सत्राच्या आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल लावू नये. ही सूचना क्षुल्लक वाटते, परंतु तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो आणि पहिली 15 मिनिटे नुसती घासण्यात जातात. रुग्ण झोपलेला, खाल्लेला आणि ताजातवाना असावा. यार्डातील सौदे आटोपून दमून आलेल्या माणसाला बसवण्यात अर्थ नाही. सत्र चालू असताना नातेवाइकाने स्नायूंकडे पाहावे. चौथ्या सत्रात दादांचे गुण एकाएकी चढले आणि आम्ही हरखलो, तेवढ्यात सत्र घेणाऱ्या बाईंनी मूळ तरंगांची खिडकी उघडून दाखवली: रेघा काळ्याकुट्ट, दाट झाल्या होत्या, कारण सुपारी चघळण्याची सवय असलेल्या दादांनी जबडा घट्ट आवळला होता. जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंची वीज बीटा पट्ट्यात मिसळते आणि यंत्राला ती मेंदूची वाटू शकते. म्हणजे रुग्ण लक्ष देण्याऐवजी दात आवळायला शिकतो. जे केंद्र मूळ तरंग दाखवत नाही, केवळ विमान उडणारा खेळ दाखवते, तेथे ही चूक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येणार नाही.

आठवड्यात दोन किंवा तीन सत्रे, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास, आणि एकंदर 20 ते 40 सत्रे असा सामान्य रिवाज आहे. माझा सल्ला असा की पैसे दहा-दहा सत्रांचे द्यावेत आणि प्रत्येक दहांनंतर वही पुढे ठेवून निर्णय घ्यावा. 20 सत्रांनंतरही चुका तेवढ्याच असतील तर थांबावे. डोकेदुखी, चिडचिड, थकवा किंवा झोपेत बिघाड दिसल्यास पुढच्या सत्राची वाट न पाहता कळवावे. अपेक्षाही मोजून-मापून ठेवाव्यात. मेंदूच्या दुखापतीवरील अभ्यास बहुतांशी लहान आहेत, आणि लक्षाच्या विकाराची मुले घेऊन केलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुहेरी-अंध चाचणीत (म्हणजे कोणाला कोणता सराव मिळतो हे मुलांना आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नसलेल्या) खरा सराव घेतलेली आणि लटका सराव घेतलेली, अशी दोन्ही गटांतील मुले जवळपास सारखीच सुधारली. म्हणून हा उपचार पुनर्वसनाच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे.

ती जोड म्हणजे कामाच्या ठिकाणच्या युक्त्या, आणि लक्षाच्या पुनर्वसनात त्यांना भक्कम आधार आहे. काम सुरू करण्यापूर्वी "आता मी काय करणार आहे" हे स्वतःशी म्हणणे, मध्ये थांबून "मी कोठे आहे" हे तपासणे, घाईच्या वेळी समोरच्याला "जरा थांबा" असे सांगण्याची मुभा स्वतःला देणे, हे सारे शिकवावे आणि रोज करून घ्यावे. दादांसाठी ठरवलेला नियम असा होता, की कोणी हाक मारली तर आधी शेवटच्या वजनाखाली पेन्सिलीने आडवी रेघ ओढायची, मग मान वर करायची. सव्विसाव्या सत्रापर्यंत हाक मारूनही 40 वजनांतील चुका सातवरून दोनवर आल्या. त्यांतल्या किती तारांनी घटवल्या आणि किती पेन्सिलीने, ते वही सांगू शकत नाही, कारण आम्ही दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केले. आपण तसे करू नये. युक्ती आधी महिनाभर वापरावी, वहीत उतरवावी आणि उरलेल्या चुकांसाठी मग सत्रे सुरू करावीत.