पाय मुरगळल्यावर पीआरपी घेताय? आधी या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की ठाण्यात मुरगळलेल्या पायांचा हंगाम येतो. येऊरची शेवाळलेली वाट, स्टेशनचे ओले जिने, उखडलेले पेव्हर ब्लॉक. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पूर्वी पेशंट विचारायचे, आंबेहळद लावू का? आता सूज उतरायच्या आत विचारतात, पीआरपीचं इंजेक्शन घेऊन टाकू का?

ही घाई हीच पहिली चूक. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. यात आपलंच रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेट भरपूर असलेला पिवळसर भाग दुखऱ्या जागी टोचतात. प्लेटलेटमधल्या द्रव्यांनी लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, लवकर भरून येईल, ही अपेक्षा. पण ताज्या मुरगळीवर अमेरिकेत २०१५ साली एक छोटी चाचणी झाली. काहींना पीआरपी दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. दुखण्यात किंवा चालण्यात ठळक फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पीआरपी घेतलेले खेळाडू सुमारे ४१ दिवसांत मैदानावर परतले, बाकीच्यांना ६० लागले. लोक हाच आकडा मला दाखवतात. पण खेळाडू होते फक्त १६, आणि दुखापत घोट्याच्या वर, दोन हाडांना बांधणाऱ्या लिगामेंटची. आपला पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट दुखावतं. दुखापतच वेगळी!

हाड मोडलंय का हे न बघता इंजेक्शनचा विचार करू नका. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. आणि कुणाकडूनही पाय ओढून, चोळून घेऊ नका.

डॉक्टरांनी पीआरपी सुचवलंच, तर सगळी औषधं सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आधी आणि नंतर काही दिवस बंद ठेवायला सांगतात, कारण त्या प्लेटलेटच्या कामात आडव्या येतात. मात्र हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून थांबवायची नाही. नुकताच डेंग्यू झाला असेल तर तेही सांगा. प्लेटलेट कमी असताना हे इंजेक्शन देत नाहीत. नंतर दोन-तीन दिवस दुखणं वाढतं, त्याने घाबरू नका. ताप आला किंवा जागा लाल-गरम झाली तर मात्र लगेच दाखवा.

आता मला सर्वांत खुपणारी चूक: व्यायाम सोडणं. घोडबंदरहून एक कॉलेजची मुलगी आली होती. दोन इंजेक्शनं झालेली, आणि पाय तिसऱ्यांदा मुरगळलेला. सूज उतरल्यावर तिला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, तर पाच सेकंदांत तोल गेला. लिगामेंटमध्ये बारीक मज्जातंतू असतात. पाऊल कुठे वळतंय हे मेंदूला कळवायला ते मदत करतात. मुरगळल्यावर ही जाण बोथट होते आणि ती सरावानेच परत येते. इंजेक्शनने नाही. इतका खर्च करूनही तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

तिला दिलेले व्यायाम साधेच होते. दात घासताना ओट्याला एक हात लावून एका पायावर ३० सेकंद, मग हात सोडून, मग उशीवर. टाचा उचलणं. रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर ओढणं. दोन महिने रोज. आता ती उपवन तलावाभोवती पळते.