लेथसाठी बँडसॉ घेताय? या चुका टाळा

कोकणात लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून वाडगे-खेळणी घडवायच्या यंत्रावर, काम करणाऱ्याला लाकडाची वाण नाही. वादळात आडवा झालेला फणस, फळायचं थांबलेला हापूस, वाडीतला माड, पाडलेल्या घराचे सागवानी वासे, सावंतवाडीच्या खेळण्यांना लागणारा पांगारा. पण हे लाकूड हाती येतं ते गोल, ओलं आणि कधीकधी पोटात खिळे घेऊन. दुकानात मात्र बँडसॉ (वरखाली दोन चाकांवर पट्ट्यासारखं अखंड ब्लेड फिरवणारी करवत) चालवून दाखवतात तो वाळलेल्या, रंधा मारलेल्या फळीवर. निवड तिथेच चुकते.

इंच कशाचे, ते आधी विचारा

‘१४ इंची’ म्हणजे चाकाचा व्यास. त्यातून ब्लेड आणि खांब यांच्यातलं अंतर कळतं, साधारण साडेतेरा इंच. वाडगे करणाऱ्याने आधी बघायची ती उभी उंची, आणि १४ इंची साध्या बिडाच्या मशीनमध्ये गाइडखालून (ब्लेडला वर सरळ धरणाऱ्या भागाखालून) बहुधा ६ इंचच लाकूड जातं. आंब्याचा १४ इंच जाडीचा ओंडका गाभ्यातून उभा चिरला की प्रत्येक अर्ध ७ इंच उंच भरतं. म्हणजे पहिल्याच ओंडक्याला मशीन अडलं. अशा खांबात राइझरचा, म्हणजे खांब उंच करणारा, ठोकळा बसवून उंची १२ इंचांपर्यंत नेता येते, पण मग ब्लेड ९३.५ ऐवजी १०५ इंचांचं लागतं आणि आधी घेतलेली ब्लेडं पडून राहतात. तुमचा लेथ किती व्यासाचं लाकूड फिरवतो ते मोजा आणि त्यावरून उंची ठरवा. लेथला न पेलणारं लाकूड चिरू शकणारं मशीन घेऊन काही उपयोग नाही.

एचपी बघितला, वायर बघितली नाही

६ इंच वाळलेल्या लाकडाला १ एचपी पुरतो. १० इंच ओल्या फणसाला २ एचपी हवा. पण गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०वर आलं, तर मोटरचा जोर २३०च्या तुलनेत ६० टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. त्यात घरातून मांगरापर्यंत (बाहेरच्या खोपीपर्यंत) १.५ चौरस मिलिमीटरची ४० मीटर वायर ओढलेली. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण १० अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. त्या क्षणी चाळीसेक व्होल्ट नुसते वायरीतच जातात. मोटर घुमते, उचलत नाही, कपॅसिटर जातो आणि दोष मशीनवर येतो. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घाला, अर्थिंग तपासा आणि ब्लेड लाकडाला टेकलेलं असताना मोटर कधीही सुरू करू नका.

ब्लेड

माझ्या मते मशीनच्या नावाने होणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक ब्लेडच्याच असतात. मशीनबरोबर येणारं बारीक दात्यांचं ब्लेड ओल्या लाकडात घातलं की दात्यांमधल्या खाचा भुशाने भरतात, ब्लेड कापायच्या ऐवजी घासत राहतं आणि धूर येतो. वाडग्याच्या गोल ठोकळ्यांसाठी अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दात्यांचं ब्लेड घ्या. ते सुमारे अडीच इंच त्रिज्येपर्यंत वळतं, म्हणजे ५ इंची वाटीपर्यंत काम भागतं. त्याहून लहान गोलाईला पाव किंवा तीन अष्टमांश इंचाचं ब्लेड. पातळ फळीला मात्र बारीक दातेच हवेत, कोणत्याही क्षणी निदान तीन दाते लाकडात असले पाहिजेत.

माडाचं लाकूड कडेला फार कठीण आणि मधे भुसभुशीत, साधं ब्लेड त्यावर लवकर बोथट होतं. तिथे बायमेटल, म्हणजे दात्यांना वेगळं कठीण पोलाद जोडलेलं ब्लेड, परवडतं. फणसाचा चीक ब्लेडवर बसला तर प्लग काढून रॉकेलच्या फडक्याने पुसा. जुन्या वाशावर आधी लोहचुंबक फिरवा, आणि चिऱ्याच्या भिंतीत पुरलेलं त्याचं टोक हातकरवतीने उडवून टाका. त्या टोकात रुतलेली वाळू एका कापात दाते संपवते.

गोल ओंडका तसाच टेबलावर ठेवू नका

ही चूक बोटांवर बेतते. गोल ओंडका आडवा कापायला घेतला की ब्लेडची खालच्या दिशेची ओढ त्याला गरकन फिरवते. ब्लेड पिळवटतं, तुटतं, आणि ओंडका धरलेला हात आत ओढला जातो. खाली व्ही आकाराची खाच असलेला पाट ठेवून त्यावर ओंडका घट्ट बांधा. उभा चिरतानाही तो फळीला स्क्रूने धरा, स्क्रू ब्लेडच्या वाटेबाहेर. वरचा गाइड लाकडाच्या पाव इंच वरपर्यंत खाली आणा. उघडं ब्लेड जितकं कमी तितकं बरं. हातमोजे घालू नका.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ओला भुसा खालच्या चाकाच्या टायरवर (चाकावरच्या रबरी पट्टीवर) थापला जाऊन घट्ट बसतो. मग मशीन हादरतं आणि ब्लेड पुढे-मागे सरकतं. अलाइनमेंटला हात लावण्याआधी खालचं दार उघडून टायर खरवडा. काम संपलं की ब्लेडचा ताण सैल करा, नाहीतर टायरला खळगा पडतो. बिडाच्या टेबलाला मेण लावा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही.

काप बिघडला तर

काप एकाच बाजूला जात असेल तर एका बाजूचे दाते बोथट आहेत का ते पाहा. ब्लेड नवं असूनही जात असेल तर फळीवर सरळ रेघ मारून हाताने कापा, फळी ज्या कोनात धरावी लागते त्या कोनात फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची टेबलावरची पट्टी) लावा. वरून सरळ दिसणारा काप आत पोटाला वाकला असेल तर ताण कमी आहे, दाते बारीक आहेत किंवा तुम्ही लाकूड रेटताय. प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ आवाज आला तर लगेच बंद करा. वेल्डचा जोड सुटतोय किंवा ब्लेडला तडा गेलाय, आणि ते ब्लेड पुन्हा चढवायचं नाही.

एक कागदी काम राहिलं. आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे ओंडके चिरायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात मशीनचा आकार सांगून विचारून घ्या.